फिटरचाचांचे गादीवाफे

तयारी करावी तर आमच्या फिटरचाचांनीच; बाकीचे आपण सगळे कशीबशी वेळ मारून नेणारी माणसं. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. कतारमध्ये मेसईदला तेलकंपनीत ते पाइपफिटर होते, मी कारकून, आणि आम्ही दोघं एकाच क्वार्टरमध्ये राहत होतो. शुक्रवारच्या नमाजाचे कपडे ते मंगळवारीच इस्त्री करून खुंटीला लावत आणि मग तीन दिवस त्या खुंटीजवळ मला शिंकायचीही चोरी. दोह्याची बस सातची असली की पाचलाच बूट घालून पायरीवर बसत. एकदा बसल्या बसल्या तिथेच त्यांना झोप लागली आणि बस निघून गेली. "गेली तर गेली. तयारीत कसूर नव्हती," म्हणाले.

सात वर्षं एकट्याने काढल्यावर त्यांना चाचींना रत्नागिरीहून आणायची परवानगी मिळाली. चाचींनी कळवलं, "जिथं हिरवं पान नाय तिथं मी ऱ्हायची नाय. बघीन, नायतर उलट बोटीनं परत." बोट मार्चअखेरीस येणार होती. चाचांनी नोव्हेंबरातच कंबर कसली. इथली जमीन खारट, म्हणून खोक्यांच्या फळ्या ठोकून दाराशी चार उंच गादीवाफे केले. पावसाचं पाणी साचतं तिथली गाळमाती एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून आणली. त्यात बकऱ्यांच्या लेंड्या आणि मासळीची डोकी पुरली. शेजाऱ्याने आपली खाट मागच्या बाजूला नेली. गोडं पाणी मोजकं मिळे, म्हणून मला परातीत उभं राहून, साबणाशिवाय अंघोळ करावी लागे; ते पाणी वाफ्याला. आणि डिसेंबरात त्यांनी गावच्या रीतीने राब भाजायला घेतला, म्हणजे पेरणीआधी मातीवर पालापाचोळा पेटवून ती भाजून घ्यायची. पालापाचोळा इथे कुठला? खोक्यांतला भुसा, गोणपाटं आणि माझा न वाचलेला दिवाळी अंक कामी आला. तेलाच्या गावात धूर दिसल्यावर काय होणार! पाचव्या मिनिटाला कंपनीचा बंब दारात. साहेबाने चाचांना उभंआडवं झापलं, पण चाचांचं लक्ष पाण्याच्या फवाऱ्याकडे. "साहेब, त्या कोपऱ्यातपण थोडं मारा," म्हणाले.

फाटकावरचा म्हातारा अरब पहारेकरी रोज मोडक्यातोडक्या हिंदीत सांगे, "यल्ला, अभी बीज डालो. ठंडी गया, खलास!" चाचा मला म्हणत, "ह्याला शेतीतलं काय कळतंय? माती अजून कच्ची हाय." आमच्या गावाकडे उन्हाळ्यात जमीन तापवायची आणि पावसावर पेरायचं, त्या हिशेबाने थंडी ही नुसती तयारीची. चाचांची पत्रं मी लिहून देत असे. जानेवारीत त्यांनी सांगितलं, "लिही, वाफे तयार होतायत." मी भरात येऊन पुढे लिहिलं, "पडवळाचा वेल दारावर चढलाय." वाचून दाखवल्यावर चाचांनी रिकाम्या वाफ्यांकडे एकदा पाहिलं. "असू दे," म्हणाले, "मार्चपर्यंत चढंल. इन्शाल्ला."

मार्चच्या सुरुवातीला मुहूर्ताने बी पडलं. उगवलंही. दोन दोन पानं आली आणि गरम वारा सुटला. चाचांनी ओली गोणपाटं बांधली, कामावरून धावत येऊन स्वतः सावली धरून उभे राहिले. चार दिवसांत सगळं करपलं. एरवी मी त्यांची टर उडवायची संधी सोडत नसे. त्या दिवशी त्यांना जेवायला बोलवायचीही मला हिंमत झाली नाही. पत्रातलं ते वाक्य माझं होतं.

चाची आल्या. ट्रंक खाली ठेवायच्या आधी त्यांनी दाराकडे पाहिलं. "पडवळ कुठाय?" चाचांनी माझ्याकडे बोट केलं. मी चपलेकडे बघत राहिलो. चाची वाकल्या, मूठभर माती उचलून चुरली, वास घेतला. "माती झकास केलीत," म्हणाल्या. "पेरायचं तुम्हाला कधी जमलं होतं? बियाणं मी आणलंय." आणि ट्रंकेतून राखेत घोळवलेल्या बियांची पुरचुंडी काढली. उलट बोटीचं नाव कुणी काढलं नाही. चाचांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिले. मला तर तेव्हा रडूच आलं.

ऑक्टोबरात पहारेकऱ्याने सांगितलेल्या दिवशी चाचींनी बी टोचलं. नाताळच्या सुट्टीपर्यंत दारावर पडवळं लोंबत होती आणि चाचा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "सगळी तयारीची करामत!"

काही वर्षांनी दोघं गावी परतली. क्वार्टर सुनी झाली. पुढे एका पावसाळ्यात चाचींनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. चाचा मृगाच्या आधी गेले होते. "परड्यात वाफे करून, राब भाजून ठेवलावता," लिहिलं होतं, "पेरायचं तेवढं ऱ्हायलं. ते मी केलं. पडवळाचा वेल दारावर चढलाय."

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. या वेळी ते खरं होतं.