दिव्याला टांगलेली माळ

लोणावळा स्टेशनासमोर टांग्यांचा अड्डा होता, तेव्हा मी तिथं तारबाबू होतो. खिडकीतून रोज एक म्हातारा टांगेवाला दिसायचा, कुसगावचा. त्याची पांढरी घोडी भारी नखरेल. चंदीला जरा वेगळा वास आला की तोंड फिरवायची.

शिंगरू झाल्यावर तिच्या पायांतला जोर गेला. जनावरांच्या डॉक्टरांनी चंदीत मिसळायला हाडांची भुकटी दिली. ती पोटात गेली नाही तर घोडी कायमची बसेल, म्हणाले. घोडीनं हुंगलं आणि तोबरा उडवून लावला. गूळ घालून झाला, कोंडा घालून झाला. पठ्ठी ढिम्म!

मग एका दुपारी म्हाताऱ्यानं गळ्यातली तुळशीची माळ उतरवून टांग्याच्या दिव्याला टांगली. चिमूटभर भुकटी स्वतःच्या तोंडात टाकली आणि घोडीसमोर चावत उभा राहिला. तिनं त्याचं तोंड हुंगलं, मिशीला नाक घासलं आणि मुकाट तोबऱ्यात तोंड घातलं.

मी धावत बाहेर गेलो. "आबा, हाडं आहेत ती! तुम्ही माळकरी ना?"

"व्हय. पन इट्टल थांबंल, बाबू. हिचं पाय थांबायचं न्हाईत."

पुढं रोज त्यानं आधी भुकटी चाखल्याशिवाय ती कधीच खाईना. घोडी पुन्हा खंडाळ्याचा चढ चढू लागली. माळ मात्र वर्षानुवर्षं दिव्यालाच राहिली. टांगा निघाला की तिचे मणी काचेवर टकटक वाजायचे. अजून कानात आहे तो आवाज.

एका सकाळी म्हातारा अड्ड्यावर पायी आला. गळ्यात माळ होती.