केशरी गाभोळीची वाट

जपानमधल्या मुत्सु उपसागराच्या काठावर तोमिएइतकी डुलक्या घेणारी बाई दुसरी नाही. बोलता बोलता तिचे डोळे मिटतात आणि नवरा किहाचिरो एकटाच भांडत बसतो. त्या उन्हाळ्यात समुद्र तापला, त्यांनी पाण्यात दोरांना टांगून वाढवलेले शिंपले पटापट मेले. उरली ती वर्षाच्या पिल्लांची एक रांग. वसंतात त्यातली काही उघडून पाहिली होती, सगळ्यांची गाभोळी, म्हणजे पोटातली बीजाची पिशवी, पांढरी. झाडून सगळे नर; मादीची गाभोळी केशरी असते.

"नुसत्या बाप्यांचं काय लोणचं घालू?" किहाचिरो म्हणाला. "देऊन टाकू खानावळीला, नि जाऊ सेंदाईला पोराकडे."

"बाप्यांचं सांगू नका. मी एक सांभाळतेय इतकी वर्षं."

पण पोराच्या आठव्या मजल्यावरच्या खोलीतून समुद्र दिसत नाही, म्हणून तिला जायचं नव्हतं. पहिल्या वर्षी नर असलेले काही शिंपले पुढे मादी होतात; हिवाळ्यापर्यंत तशा माद्या निघाल्या तर पुढचं बी, म्हणजे नवी पिल्लं, धरता येईल, तरच राहायचं, असं ठरलं.

मत्स्यखात्याच्या प्रयोगशाळेतली इवाबुची नावाची पोरगी शरदात आली. सुईने गाभोळीचा कण कण काढून घेऊन गेली आणि पुन्हा आली ती थंडीने नाक लाल करून.

"काकू, काहींच्यात मादी व्हायची जनुकं जागी झालीत. रंग नंतर येतो. आधी आत कुजबुज सुरू होते."

"मग होतील ना?"

"जागं झालं म्हणजे उठलंच, असं थोडंच आहे?"

"हे आमच्या ह्यांच्याकडे बघून कळतं हो मला."

त्यानंतर शेगडी बसवलेल्या उबदार टेबलाखाली पाय सारून तोमिए डुलकी घ्यायची आणि दुपारभर स्वप्नात पाण्याखाली असायची. हिरव्या अंधारात शिंपले पापण्यांसारखे उघडमीट करत, आणि प्रत्येकाच्या पोटात कुणीतरी हलक्या आवाजात निराळंच नाव घेऊन बघत असे. ती कान द्यायची. कधी ते नाव तिचं स्वतःचं वाटायचं.

किहाचिरोने मध्येच चार शिंपले फोडले. गाभोळी फिकट, पाणचट. "बघ, पांढरीच! सांगून येतो खानावळवाल्याला."

"अहो, अजून भरलीच नाही ती, तिला रंग कुठला? बर्फ पडू द्या."

तो कुरकुरला, पण थांबला.

बर्फ पडलं. धक्क्यावर त्याने टोपली ओतली. पहिला पांढरा. दुसराही. तोमिएचे डोळे आज टक्क उघडे. तिसरा उघडला आणि त्या राखाडी सकाळी जर्दाळूसारखी केशरी गाभोळी चमकली.

"हा वसंतात बाप्या होता?" त्याने तो उजेडाकडे धरला.

"होता."

"आणि कुणाला विचारलं नाही?"

"तुमची परवानगी घ्यायची होती होय?"

त्याने आणखी उघडले. केशरी, पांढरा, केशरी. मग सुरी खाली ठेवली, उरलेले घाईघाईने टोपलीत भरून पुन्हा पाण्यात सोडले आणि पोराला फोन लावला.

"खोलीत दुसरा कुणी ठेव रे," तो ओरडला. "आई यायची नाही म्हणते."

तोमिए काहीच म्हणाली नव्हती.