प्रफुलनं पाणी तोडलं

प्रफुलचे दंड पाहून घुग्घुसच्या चौकात लोकं म्हणत, "काय बॉडी बनवली बे पोट्ट्यानं!" तवा मले त्यायच्या तोंडावर गरम इस्तरी टेकवावीशी वाटे. मी ज्योत्स्ना, त्याची मोठी बहीण. घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते, म्हून इस्तरी हाताशीच असते.

आम्ही तिघं भावंडं. मी, मंग आदेश, मंग प्रफुल. आदेश एकोणिसाव्या वर्षी गेला. त्याले सिकल होता. आमच्या भागात सिकल म्हणलं का लहान पोराले बी समजते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यावानी वाकड्या होतात, नसांत अडकतात आन् मंग हाडाहाडात दुखते. आईकडून आन् बाबाकडून, दोन्हीकडून आला तं रोग. एकीकडूनच आला तं माणूस नुसता वाहक. आदेशले दोन्हीकडून आला, प्रफुलले एकीकडून, मले कुठूनच नाई. वरच्यानं कसं वाटप केलं त्यालेच ठाऊक.

आदेशचं दुखणं सुरू झालं का तो उशीचा कोपरा तोंडात कोंबे. मी पाय चेपत बसे. पाय कसले, तुराट्या होत्या नुसत्या. नातेवाईक भेटाले येत, दारातूनच मान हालवत, आन् चहा पिऊन जात. प्रफुल तवा दहावीत. तो दाराआड उभा राहून पाहे, आत पाय टाकत नसे.

आदेशची तेरवी झाली आन् प्रफुल कमरुद्दीनचाचाच्या जिममंदी जाऊ लागला. चाचाचं वेल्डिंगचं दुकान. मागच्या शेडमंदी त्यायनं भंगारातल्या लोखंडाच्या साऱ्या मशिनी आपल्या हातानं बनवल्या होत्या. सकाळी पुसलेल्या बेंचवर दुपारपर्यंत कोळशाची काळी भुकटी बसे, पण पोट्टे खूश. प्रफुल त्यात रमला. वर्षभरात छाती भरली, मान भरली, सदरे कमी पडू लागले. मी बाह्या उसवून द्याव्या, दोन महिन्यात पुन्हा त्याच बाह्या घेऊन हा हजर.

आईचा आनंद पोटात मावेना. माह्या आईचं नाव इंदुताई. गल्लीतल्या साऱ्या बायका तिच्याकडं सल्ला घ्याले येतात, असा तिचा रुबाब. ती म्हणे, "ज्याच्या अंगात ताकद, त्याच्या वाटेले रोग जात नाई." चणे भिजव, अंडे उकळ, शेंगदाणे कूट, दिवसभर तिचं तेच. बाबा खाणीतल्या ड्युटीवरून आले का म्हणत, "दाखव रे जरा." प्रफुल दंड फुगवे. बाबा बोटानं दाबून पाहत आन् मंग हातपाय धुवाले जात. मी बी खूश होती, खोटं काऊन बोलू? एका पोराले वाळताना पाह्यलेलं घर, दुसरा भरून राह्यला तं कोणाले वाईट वाटन?

मंग काही वर्षानं त्याच्या फोनमंदी तो प्रोग्राम आला, तो मेला प्रोग्राम!

कोण्या दूरच्या देशातल्या पहेलवानाचा होता. दिवसातून दोनदा जिम, आठवड्याचे सहा दिवस. एकेका अंगाले वीस-वीस, पंचवीस-पंचवीस सेट. वजन बेताचं, पण थांबाचं नाई, दम घ्याचा नाई. मांड्यायच्या व्यायामाच्या दिवशी तं तो जिमच्या पायरीवर बसून राहे, गाडीची किक माराले पाय उचलत नसे. प्रफुल सिमेंटच्या कारखान्यात ठेक्यावर, पॅकिंगले. चाचानं त्याले साफ सांगतलं, "बेटा, हा प्रोग्राम त्याच्यासाठी आहे, ज्याले व्यायाम, जेवण आन् झोप याच्याशिवाय कामधंदा नाई. तू आठ घंटे पोते उचलून येतं. तुह्यात उरते काय?"

मी उठून दवाखान्यात गेली. आदेशपासूनच्या ओळखीच्या डॉक्टरबाई होत्या, त्यायले विचारलं. त्या म्हणाल्या, "वाहकाला रोजच्या जगण्यात त्रास नसतो, ज्योत्स्ना. खेळू दे, व्यायामही करू दे. पण उन्हाळ्यात, पाणी कमी पिऊन, अंग मोडेपर्यंत मेहनत नको. तसं केलं तर त्याच्याही पेशी वाकू शकतात. स्नायू तुटतात, आणि सगळं किडनीवर येतं. कधीकधी जीवावरही."

घरी येऊन मी शब्दाले शब्द सांगतला. तो चणे खात होता.

"म्हणजे व्यायाम करू दे म्हणल्या न त्या?"

"अबे, पुढचं ऐकलं का नाई?"

"ऐकलं न. वाहकाले तरास नसते. तूच तं म्हणली आत्ता."

"जिवावर येते म्हणल्या!"

"कधीकधी म्हणल्या," तो म्हणे आन् वाटी घेऊन उठला. पालथ्या घड्यावर पाणी. मी मशीनवर बसली आन् एका बाईच्या ब्लाउजची बाही उलटी शिवली.

जिमची शाळाच उलटी असते. तिथी दुखलं का पोट्टे एकमेकाले टाळी देतात. दुखलं म्हणजे अंग वाढून राह्यलं. ज्या घरात आदेश दुखण्यानं तडफडला, त्याच घरात हा सकाळी उठून मांड्या दाबे, आन् दुखलं का हसे. मी म्हणे, "प्रफुल, दुखण्या-दुखण्यात फरक असते रे." तो म्हणे, "मले समजते फरक." काय समजते? आदेशले समजलं नाई, डॉक्टरले टोचून पाहा लागते, आन् याले समजते!

मागच्या एप्रिलात चाचा दुपारीच दारात आले. कधी घरी येत नाईत, म्हून मी धसकलीच. आई आत होती. चाचा हळू आवाजात म्हणाले, "ज्योत्स्नाबेटा, आज मांड्यायचा व्यायाम केल्यावर त्याची लघवी काळ्या चहावानी झाली. मले त्यानं हसून सांगतलं. मले काही हसाले आलं नाई." त्यायनं त्याच दिवसापासून प्रफुलले जिमबंदी केली. मी चाचाचे पायच धराची बाकी होती.

बंदी टिकली किती? हा पठ्ठ्या ड्युटी सुटल्यावर गाडीनं भद्रावतीच्या जिमले जाऊ लागला. तिथी कोण याले ओळखते, कोणाले माहीत याचं रक्त? उन्हातून जाणं, उन्हातून येणं. शेवटी चाचानंच बोलावून घेतलं. मले म्हणाले, "इथी असला तं निदान माह्या डोळ्यासमोर पडन." मोठा माणूस, पण त्यायचा बी इलाज नाई चालला.

मे महिन्यात चंद्रपूरले शरीरसौष्ठव स्पर्धा होती. प्रफुलनं नाव दिलं आन् घरात लगीनघाई सुरू झाली. स्टेजवर घालाची चड्डी मलेच शिवाले लावली. चार बोटं कपडा! आई म्हणे, "अवं माय, एवढ्याशात हा लोकायसमोर उभा राहीन? निदान पंचा तं गुंडाळ!" आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या महिन्यात तेवढंच हसलो असू.

कारण मंग त्यानं पाणी तोडलं.

हे मले माहीतच नव्हतं. स्टेजवर कातडी पातळ दिसावी, एकेक नस उठून दिसावी, म्हून हे लोकं आखरीच्या दिवसात पाणी कमी करत करत बंद करतात. त्याले म्हणतात पाणी तोडणं. मे महिन्यात, घुग्घुसमंदी! दुपारी अंगणातल्या नळाले हात लावला तं चटका बसे, आन् हा ओठ ओले कराले कापूस वापरे. वरून व्यायाम चालूच. मी माठाजवळून हंबरडा फोडला, "डॉक्टरबाईनं हेच नको म्हणलं होतं रे! नेमकं हेच!"

मी आईकडं धावली. म्हणली, तू तरी सांग. आई शांतपणे म्हणे, "एक-दोन दिवसाचं तं आहे, बाई. मी हरतालिकेले दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाई. मेली का मी?"

"आई, हरतालिकेले तू पोते उचलतं का? शंभर बैठका मारतं का?"

"देवासाठी केलं तं चालते, आन् त्यानं आपल्या मेहनतीसाठी केलं तं तुह्या पोटात दुखते." तिनं विषयच संपवला. बाबाकडं पाह्यलं तं ते पेपर घेऊन बसलेले. पेपर वाचत नव्हते. म्हणाले, "त्याची हौस आहे, ज्योत्स्ना. आपल्या घरात कोणाले कशाची हौस करता आली?"

रात्री जेवताना प्रफुलसमोर मी पाण्याचा गिलास ठेवला. त्यानं तो सरकवला, पण चिडला नाई. म्हणे, "ताई, लोकं आदेशदादाले पाहाले येत, तं कसे पाहत, आठवते तुले?"

"आठवते."

"आपल्या घराकडं एकडाव तरी लोकायनं दुसऱ्या नजरेनं पाहावं, असं वाटते मले. बस. एकडाव." त्याचे ओठ तडकले होते, बोलताना रक्त आलं. मी गिलास उचलून नेला. काय करू? पंचवीस वर्षाच्या घोड्याले नाक दाबून तं पाजता येत नाई न.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सारे बसनं चंद्रपूरले गेलो. बाबानं लग्नातला सफारी घातला होता. कमरुद्दीनचाचा बी आले, पण स्टेजमागं प्रफुलनं, लाइटमंदी स्नायू उठून दिसावे म्हून अंगाले लावतात तो तपकिरी रंग पुढं केला तं त्यायनं हात मागं घेतले. "माह्या हातानं नाई होणार, बेटा," म्हणाले आन् बाहेर निघून गेले. दुसरं कोणी नव्हतं. मंग मीच.

पत्र्याच्या खोलीत दहा-बारा पोट्टे, रंगाचा न् तेलाचा वास, एक पंखा तोही घरघरत. माह्या पिशवीत मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली होती. मी म्हणली, "एक घोट. कोणाले दिसणार नाई." तो म्हणे, "स्टेजवरून आलो का अख्खी बाटली पितो. आईची शप्पत." मी त्याच्या पाठीची कातडी चिमटीत धरली आन् सोडली. ती तशीच उभी राह्यली, खाली बसेचना. तळहात ठेवला तं आत काळीज धाडधाड उडून राह्यलं होतं. "ताई, खांद्यामागं राह्यलं," तो म्हणे. मी खांद्यामागं लावलं. मंग कमरेले. रडत रडत लावलं, पण एक जागा सोडली नाई. सोडून बी काय होणार होतं, तो तसाच स्टेजवर गेला असता.

मी रंगाच्या हातानंच सभागृहात येऊन आईशेजारी बसली. त्याचं नाव पुकारलं. लाइट पडले. खरं सांगते, मले माहा भाऊ ओळखू आला नाई. सारं सभागृह उठलं. डीजे असा का शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. त्यानं एक पोज दिली, दुसरी दिली. बाबा दोन्ही हातानं डोळे पुसत होते. आई शेजारच्या बाईले बोट दाखवून सांगत होती, हा माहा आहे, माहा.

तिसऱ्या पोजले त्याची उजवी मांडी थरथरली. लोकायले वाटलं, तो मुद्दाम स्नायू नाचवून राह्यला. शिट्ट्या पडल्या. पण मले त्याचं तोंड दिसत होतं. हसू तसंच चिकटलेलं आन् डोळे हरवलेले. मी खुर्चीवर चढली. दोन्ही हात वर करून हालवू लागली, उतर, खाली उतर! माह्या नरड्याच्या शिरा तुटाले आल्या, पण डीजेत मलेच माहा आवाज ऐकू आला नाई. मले पाहून आई खुर्चीवर चढली. तिनंही हात वर केले आन् टाळ्या वाजवू लागली. मंग बाबा. मंग आमची अख्खी रांग.

प्रफुलले आम्ही दिसलो. त्याचं तोंड उजळलं. त्यानं दोन्ही मुठी आवळल्या आन् जेवढं होतं नव्हतं तेवढं सारं ताणलं.

पडदा पडला आन् तो स्टेजमागं कोसळला. चंद्रपूरचा दवाखाना झाला, मंग नागपूरचा. जीव वाचला. किडनी कामाची राह्यली का नाई, डॉक्टर आजून सांगत नाईत. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर घेतात. पहिल्यांदा शुद्धीवर आला तवा मीच जवळ होती. माह्याकडं पाहून हसला. आवाज फुटत नव्हता, मी कान खाली नेला.

"ताई, साऱ्या घरात तूच एक नाई म्हणत होती," तो म्हणे. "तू खुर्चीवर चढून हात हालवले न, तवा म्हणलं, झालं. आता ताईबी आपल्याकडून आहे. मांडीत गोळे आले होते, सोडून द्याच्या बेतात होतो मी. तुले पाह्यलं आन् मंग नाई सोडलं."

मले तोंड फिरवता आलं नाई. तो माह्याकडंच पाहत होता.

"कसा दिसत होतो, सांग न."

"लय मस्त दिसत होता रे," मी म्हणली.