पाणवठ्यावरच्या मैत्रिणी

रत्नमालाबाईंचा राग सबंध वॉर्डाला ठाऊक होता. औरंगाबादच्या दवाखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं नर्सची नोकरी केली आणि चुकीचं औषध लिहिणाऱ्या डॉक्टरालाही तोंडावर सुनावलं. पुढं बाई निवृत्त झाल्या, गुडघे गेले, शहराचं नावही बदललं. जीभ मात्र शाबूत राहिली. अशा बाईला कन्नडच्या पोरांनी जुन्या फोटोंच्या प्रदर्शनाला सत्कारासाठी बोलावलं. त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना!

कन्नड हे बाईंचं माहेर. आईवडील गेल्यापासून सव्वीस वर्षांत त्या तिकडं फिरकल्या नव्हत्या. तरी बोलावणं आलं तशा हरखल्या. गुलमंडीतून नवी साडी घेतली आणि सून रूपालीला सोबत घेऊन एसटीनं पोचल्या. लहानपणीचा आड बुजवून तिथं मोबाईलचं दुकान झालं होतं. त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटलं नाही.

प्रदर्शन भरवणारा सत्यम पोरगा मोठा लाघवी. गावातल्या जुन्या जमीनदार घरातला, आप्पासाहेबांचा नातू. हाताला धरून त्यानं बाईंना सगळ्यात मोठ्या फोटोपुढं उभं केलं.

"आजी, हा पासष्ट सालचा. आडावर दोर ओढतेय ती माझी पणजी, आवडाबाई. अन् ही तुमची आई ना, केसरबाई? आजोबांनी ओळखलं. बघा, कशा गप्पा रंगल्यात!"

खाली पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'पाणवठ्यावरच्या मैत्रिणी'.

बाईंनी चष्मा लावला. आईच होती. तिच्या पदराआडून डोकावणारी वेणी त्यांची स्वतःची. आडापासून चार हात लांब एका सपाट दगडावर घागर ठेवलेली, आई शेजारी उभी, मान वर, तोंड अर्धवट उघडं. त्या तोंडातून काय निघत होतं ते बाईंना साठ वर्षांनंतरही ऐकू आलं. "पाणी वाढा, माय." दोराला हात लावायची त्यांच्या लोकांना सोय नव्हती. दगडावर घागर ठेवायची, मागायचं आणि थांबायचं. कुणाला दया आली तर ती बाई वरून पाणी ओतायची, पोहरा घागरीला शिवू न देता. अर्धं पाणी आईच्या पायावर सांडायचं. मग आडावरच्या बाया त्या दगडावरही पाणी मारायच्या, शुद्ध करायला.

"हे कुणी लिवलं?" बाईंचा आवाज चढला. हॉलमधली माणसं वळून बघू लागली. "मैत्रिणी म्हणं! माझी माय गप्पा मारायला गेलती व्हय तिथं? भीक मागत होती ती, पाण्याची!"

"आजी, तसं नाही... जुन्या काळी लोक प्रेमानं राहायचे, असं आम्ही..." सत्यमची जीभ अडखळली.

"आई, जाऊ द्या ना," रूपाली कानाशी कुजबुजली. "सत्कार आहे तुमचा."

"चुलीत घाल तो सत्कार."

पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून आप्पासाहेब काठी टेकत उठले. ऐंशी पार केलेला माणूस, पण आवाजात अजून जरब. "मोतीरामची पोर ना तू? लई तापू नको. आमच्या आईनं तुमची घागर कधी रिकामी धाडली नाय. सगळ्यांचं झालं की द्यायची पाणी."

"द्यायची. मी नाय म्हणत नाय," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं झालं की द्यायची. तवर शाळेची घंटा होऊन जायची, अन् मी मायचा पदर धरून उभीच. उशीर झाला म्हणून मास्तरची छडी खायची ती मी." मग त्या सत्यमकडं वळल्या. "माझं नको लिवू, लेकरा. तुझ्या आजोबांनी आत्ता सांगितलं ना, तेवढंच लिव."

सत्यमनं आजोबांकडं पाहिलं. आप्पासाहेब खुर्चीवर बसले आणि काठीच्या मुठीकडं बघत राहिले.

पोरानं पुठ्ठा काढला, उलटा केला आणि मार्कर घेतला. बाई सांगत गेल्या, तो लिहीत गेला. 'केसरबाई मोतीराम, पाणी मागताना. सगळ्यांचं झालं की मिळायचं.'

लिहून झाल्यावर तो घुटमळला. "आजी, पणजीचं नाव... तेही लिहू का?"

"लिव की," रत्नमालाबाई म्हणाल्या. "दोर तिच्याच हातात होता."