बारावा नळ

रोज सकाळी चहाला उकळी फुटेपर्यंत बाटलीबाई ओट्यावर बंद बुचाच्या रिकाम्या बाटल्या मांडायच्या आणि प्रत्येकीवर नळाचा क्रमांक लिहायच्या. लेक म्हणायची, "आई, भरल्यावर लिही की." बाई म्हणायच्या, "भरल्यावर लिहिणारा उद्या न भरताच लिहील."

पाणीखात्यात त्यांनी सव्वीस वर्षं हेच केलं. रोज दोन नळांचं पाणी तपासायला न्यायचं, आठवड्याला बारा. बारावा नळ शेवटच्या गल्लीत, एका शिवणवालीच्या दारात. गंजक्या जलवाहिनीचं ते टोक. तिथे पाणी पोचायला दहा वाजत.

मग नवे साहेब आले. त्यांनी नमुने आणायला गाडी दिली आणि गाडीला वेळ दिली: साडेआठच्या आत परत. शनिवारी आठला बारावा नळ ठणठणीत कोरडा. बाई वहीत "पाणी नव्हतं" असं लिहायच्या. संगणकाला मात्र शब्द चालत नसत, आकडाच लागे. चौकट रिकामी राहायची, आणि रिकामी चौकट मोजणीतच धरत नसत.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचे आठ शनिवार त्यांनी गाडी परत पाठवली आणि शिवणवालीच्या पायरीवर दहापर्यंत ठाण मांडलं. आठ बाटल्यांपैकी पाच दूषित निघाल्या. प्रयोगशाळेने शेरा मारला: वेळेबाहेरचे नमुने, ग्राह्य नाहीत. तोवर शिवणवालीची मुलगी जुलाबांनी अकरा दिवस दवाखान्यात पडून होती.

त्याच आठवड्यात कचेरीच्या भिंतीवर आलेख लागला. शुद्ध पाणी पंच्याण्णव टक्क्यांवरून नव्याण्णववर. रेघ डोंगर चढावा तशी चढलेली. पाणी तसूभर सुधारलं नव्हतं, वाईट नळ तेवढा मोजणीतून गळला होता. त्या रेघेच्या जोरावर गुरुवारच्या बैठकीत शेवटच्या गल्लीसाठी मंजूर झालेली नवी जलवाहिनी रद्द होणार होती. आणि रेघ काढली होती त्याच कचेरीत आकडेवारी सांभाळणाऱ्या बाईंच्या जावयाने.

बुधवारी तो लेकीबरोबर जेवायला आला. बाईंनी ताट वाढलं, पण समोरच उभ्या राहिल्या.

"जावईबापू, आलेख सुरेख आहे. पण तो खालून नव्वदपासून का सुरू होतो? शून्य महाग झालं का?"

"फरक दिसावा म्हणून, आई. तशी पद्धतच आहे."

"आणि माझा बारावा नळ?"

"त्याची माहिती आली नाही. आलेले आकडे मी खरेच मांडलेत."

"ज्या दारावर थाप मारली नाही, त्या घरात सगळे ठणठणीत, असंच ना?"

"साहेबांनी मागितलं ते मी दिलं."

"मागितलं ते वाढप्याने द्यावं. तुम्हाला मोजायला ठेवलंय."

लेक मध्ये पडली. "आई, त्यांना जेवू तरी दे."

"जेवू दे की. पाणी आपल्याकडचं आहे, शुद्ध आहे."

गुरुवारी बैठकीआधी बाई सभागृहात गेल्या. जावई कागद लावत होता. बाईंनी आलेखाखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं: बारापैकी अकराच नळ मोजले. बाराव्याला पाणी दहाला येतं, गाडी आठला जाते. दहानंतरच्या आठ बाटल्यांपैकी पाच दूषित. खाली सही केली.

साहेब म्हणाले, "हा कागद खराब कोणी केला? दुसरा लावा."

जावयाने मान वर केली नाही. "दुसरा काढला तरी हेच लिहावं लागेल, साहेब. आकडे त्यांचे आहेत. चूक माझी आहे."

जलवाहिनी रद्द झाली नाही. बाईंची मात्र टपालाच्या टेबलावर बदली झाली, गाडी परत पाठवल्याबद्दल. दीड वर्ष त्यांनी पाकिटांवर शिक्के मारले, असे की टेबल हादरायचं. राग गेला का, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "कशाला जाईल? त्या पोरीचे अकरा दिवस कोणत्या चौकटीत घातले, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

नवी जलवाहिनी टाकली गेली, पण पाणी अजूनही दहालाच सुटत होतं. निवृत्तीच्या दिवशी बाईंनी एक फेरी मागून घेतली. शनिवार होता. शिवणवालीच्या नळाखाली बाटली भरून बूच घट्ट लावलं आणि पायरीवरून उठताना त्या तिला म्हणाल्या, "पुढच्या शनिवारपासून दुसरी बाई येईल. दहाला यायचं सांगून ठेवलंय तिला. आधी आली तर बसायला काहीतरी द्या, ही पायरी फार टोचते."