डिलाईल रोडची पुडी

आमच्या मॅडमच्या पर्समध्ये रुमालाआधी चमचा सापडायचा. लग्नाला गेल्या तरी येताना हॉलच्या बागेतली चमचाभर माती पुडीतून आणायच्याच. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना माती मॅडम म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

मातीतल्या बुरशीतून नायट्यावर नवं औषध शोधायचं, हा त्यांचा एकच ध्यास. नायटाही बुरशीचाच, आणि हल्ली तो मलमांना दाद देत नाही. "बुरशीचं भांडण बुरशीशी लावायचं. आपण नुसतं बघायचं," असं त्या म्हणत. हे बघणं वर्षानुवर्षं चाले.

पुडीवरच्या पत्त्याबाबत मात्र त्या भलत्याच कडक. नुसतं 'करी रोड' लिहिलं की पुडी परत. "कुठली चाळ, कुठलं झाड, झाडाची कुठली बाजू?" माझगावच्या या बाईंना टपाल खात्यानेच न्यायला हवं होतं, असं मी त्यांच्यामागे म्हणायचो.

मग एका काचेच्या बशीत ते दिसलं. नायट्याची पांढरी बुरशी सगळीकडे पसरलेली, आणि मी आणलेल्या मातीतल्या हिरवट बुरशीभोवती तेवढा स्वच्छ गोल. तिच्यातला पदार्थ कुठल्याच माहीत असलेल्या औषधाशी जुळेना. मॅडम दिवसभर खुशीत होत्या. पण वाढवत नेता नेता त्या बुरशीची ताकदच गेली. पुन्हा त्याच जागची माती हवी होती. मॅडमनी जुनी, आता रिकामी झालेली पुडी काढली. त्यांची नजर चुकवून मी सरकवलेल्या त्या पुडीवर माझ्या अक्षरात फक्त 'डिलाईल रोड' होतं. फोनवर बोलत बोलत भरली होती. जागा काही केल्या आठवेना.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "रविवारी सकाळी सातला ये. चमचा आण," एवढंच म्हणाल्या. तीन रविवार आम्ही तो रस्ता वाकून वाकून पाहिला. गॅलरीतून एका आजींनी विचारलं, "काय हरवलं वो, बाई?"

"औषध," मॅडम म्हणाल्या.

ते सापडलं नाही. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या.

गेल्या महिन्यात मॅडम गेल्या. दफनानंतर त्यांच्या बहिणीने माझ्या हातात बिस्किटांचा डबा ठेवला. "रविवारची जायची ती. तुला द्यायला सांगितलंय." आत पुड्याच पुड्या, सगळ्या डिलाईल रोडच्या, प्रत्येकीवर चाळ, झाड आणि बाजू. मला तिथेच रडू आलं. शेवटच्या पुडीवर पत्त्याखाली लिहिलं होतं, 'गुडघा ऐकत नाही. इथपर्यंत झालं. पुलापासून पुढे तू.'

काल रविवारी सातला मी डिलाईल रोडच्या पुलापाशी गेलो. पहिल्या पुडीवर पत्ता लिहायला मला पाच मिनिटं लागली.