न दिलेली पोच

"इथे हरवू दे, मॅडम. इथे शंभरदा हरवला की तिथे हरवणार नाही," असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि पुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालायचे.

आमच्या दादरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते. मी तिथे शिकवते. हरवायचा तो निरोप. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. अर्धांगाने वाचा गेली होती, उजव्या हाताचं एक बोट तेवढं चालायचं. ते कामावर असताना तळमजल्यावरच्या काकू तिच्याकडे बघत. आईने बटण दाबलं की काकूंच्या घरात घंटीचा एक छोटा डबा वाजावा, आणि निरोप चाळीतल्या विजेच्या तारांमधूनच जावा, एवढंच त्यांना हवं होतं. बिनतारी घंटीने त्या जाड भिंतींपुढे हात टेकले होते.

पण विजेच्या तारेत निरोप एकटा नसतो. मिक्सर, फ्रिज, पंख्याचा जुना रेग्युलेटर, सगळे आपापली खरखर तिच्यात ओततात. म्हणून त्यांनी अख्खी चाळ कॉम्प्युटरमध्ये उभी केली. वाटण कुणाचं किती वाजता, इस्त्री कुणाकडे, घरोघरी विचारून आले. मापं घेताना एखाद्या वहिनींना म्हणायचे, "जरा चटणी वाटा बघू." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आपण त्यांची चेष्टा करतो. मी म्हणायचे, आता चाळीतल्या मांजराचंही गणित मांडा. ते खरंच विचारात पडायचे.

दीड वर्षाने पडद्यावर निरोप हरवेनासा झाला, तेव्हा कुठे त्यांनी खरे डबे बनवले, एक आईकडे, एक काकूंकडे. खाली काकूंनी आपल्या डब्यावरचं 'पोच'चं बटण दाबेपर्यंत आईकडचा डबा तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहायचा, लाल दिवा लुकलुकवत. म्हातारीला परत दाबायला लागू नये, म्हणून. वर्षभर डबा एकदाही चुकला नाही.

खंडेनवमीला लॅबमध्ये यंत्रांची पूजा असते. मीच म्हटलं, यंदा काकूंकडचा डबा आणा, त्याच्याएवढं मानाचं यंत्र इथे दुसरं कुठलं आहे? ते घुटमळले. मी आग्रह धरला. काकूही म्हणाल्या, अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न, मी वर डोकावत राहीन. त्यांनी डबा आणला. मी त्याला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

दुपारी प्रसाद घेऊन मी त्यांच्याबरोबर लालबागला गेले. काकू म्हणाल्या, तासाभरापूर्वीच बघून आले, शांत झोपल्यात. त्यांनी पिशवीतला डबा काढून काकूंच्या सॉकेटला लावला आणि लावताक्षणी तो वाजू लागला. त्यांचा चेहरा फुलला.

"आई उठली वाटतं," म्हणत ते जिना चढले.

मी मागोमाग गेले. आईचं बोट बटणावर होतं आणि ती गेली होती. खाली डबा वाजतच होता.

तो डबा मी मागितला होता. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लॅबच्या कॉम्प्युटरवरच्या, निरोपाच्या अडथळ्यांच्या त्यांच्या यादीत मात्र तळाशी एक नवी ओळ आली: 'खंडेनवमी. डबा जागेवर नाही.' ती वाचून मी वर्गावर गेले. त्या तासाला काय शिकवलं ते आठवत नाही.

निवृत्त होऊन गावी जाताना त्यांनी तो डबा माझ्या हातात दिला. कुंकू पुसलं नव्हतं. आई गेली त्या दिवशी 'पोच'चं बटण न दाबताच त्यांनी तो सॉकेटमधून उपटला होता.

"पोच द्यायची राहिलीय," ते म्हणाले. "माझ्याने होत नाही. तुम्ही द्या, मॅडम."

यंदा ते गावीच वारले. काकूंनी फोनवर सांगितलं. चाळीतल्या त्यांच्या खोलीला कुलूप आहे, पण तिथली वीज त्यांनी तोडू दिली नव्हती. दाराच्या फटीतून लाल दिवा अजून लुकलुकताना दिसतो म्हणे.

डबा माझ्या कपाटात आहे. दादरहून लालबाग ते कितीसं लांब! जायचं, काकूंकडे डबा लावायचा, तो वाजेल, मग एक बटण दाबायचं. मला ते अजून जमलेलं नाही.